केरळचं काम

“आडवा हो,” तात्या म्हणाले.

“इथं?”

“मग काय पलंग मागवू? हो आडवा. सकाळीच सारवलंय, कापडं खराब व्हायची न्हाईत.”

मी दुकानात इकडंतिकडं बघितलं. एका भिंतीशी सुपं, दुरड्या आणि पाट्यांच्या चळती होत्या. दुसऱ्या बाजूला, दाराला लागून, लांबलचक कळक उभे केलेले होते. ते कळक कशासाठी असतात हे सांगलीतल्या आमच्या पेठेत शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. कुणाकडं मयत झालं की पहिला माणूस धावायचा तो धोंडीतात्या बुरुडाकडं. तिरडीला लागणारे दोन लांब कळक, बांबूच्या आडव्या कामट्या, सुतळीची गुंडी, सगळं तयार असायचं. पेठेतल्या बायका त्या दुकानासमोरनं जाताना पदर सावरून पलीकडच्या कडेनं जायच्या. आणि तिथं, त्या कळकांकडं पाय करून, मी चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस आडवा झालो. धडधाकट कसला म्हणा, कमरेतनं पार गेलेला.

तात्यांनी माझ्या कमरेखाली हात सारला. बोटं कामट्या तासून तासून लाकडासारखी झालेली, पण हात हलका.

“हितं दुखतंय,” दाबत ते म्हणाले.

“आई गं! हो.”

“आणि हितं वर काय न्हाई.”

“तात्या, डॉक्टरला एमआरआय काढावा लागला हे कळायला.”

तात्या खो खो हसले. “अरं लेका, पस्तीस वर्षं आडव्या माणसांचंच काम करतोय मी. आडव्या माणसाचं वजन कुठं उतरतंय, ते मला इचार. फरक एवढाच, ती माणसं बिचारी कुठं टोचतंय ते सांगत न्हाईत. तू सांग.”

मीही हसलो. पण पाय मात्र त्या कळकांपासनं जरा आखडून घेतले.

हे सगळं चाललं होतं एका सायकलीसाठी. माझ्या कमरेतली चकती सरकली होती. मी कुपवाडला पंपाच्या कारखान्यात ड्रॉईंग सेक्शनला होतो, घरापासून नऊ किलोमीटर. डॉक्टरांनी मोटरसायकल बंद केली, साधी सायकल बंद केली, बसचे धक्केही नकोत म्हणाले. दोन महिने रजा झाली. तिसऱ्या महिन्यात मॅनेजरसाहेबांचा फोन आला, “मगदूम, येताय की दुसरा माणूस बघू?” दिवसभरात मला एकाच ठिकाणी दुखत नसे, वडिलांच्या आरामखुर्चीत. असाच एकदा तिच्यात पडून कॉम्प्युटरवर काहीबाही बघताना परदेशातल्या एका सायकलीचं चित्र दिसलं. माणूस मागं रेलून बसलाय, पाय पुढं, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढं. मी ताडकन उठायला गेलो आणि कळ येऊन परत खाली बसलो. आरामखुर्चीला चाकं लावायची! एवढं साधं!

साहेबांकडनं बिनपगारी रजा मागून घेतली आणि चार महिने परसात खपलो. दोन जुन्या सायकली कापल्या, मधे चौकोनी पाईप घालून जोडल्या. पुढं लहान चाक, मागं मोठं. दोन साखळ्या जोडून एक लांब साखळी केली. मागच्या चाकात मोटर बसवली, सीटखाली चार बॅटऱ्या. मोटर लागल्यावर सायकल स्वतःच पुढं सरकली तेव्हा मी परसात एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. आई स्वयंपाकघराच्या दारातनं बघत होती.

“अनंता, ह्याच्यावर बसून तू घरातनं भाईर जाणार?”

“हो.”

“असं? पाय फुडं करून?”

“तसंच बसावं लागतं, आई.”

“पाय फुडं करून घरातनं कोण भाईर पडतं, ठाव हाय का तुला?” म्हणाली, आणि आत गेली.

पण खरं अडलं होतं सीटवर. प्लायवूडवर फोम लावून केली, तर पाठ घामानं चिंब आणि कमरेत सणक. प्लास्टिकची खुर्ची कापून बसवली, ती तिसऱ्या खड्ड्यात चिरली. मग एकदा मंडईत एक भाजीवाली उपड्या पाटीवर बसलेली दिसली. ती हलली की पाटी वाकायची आणि परत वर यायची. मी भाजी न घेताच निघालो आणि तात्यांचं दुकान गाठलं. पेठेत जन्म गेला, पण त्या दुकानाची पायरी मी चढलो होतो ती एकदाच, वडील गेले तेव्हा.

तात्यांनी सीटच्या पाईपची चौकट हातात घेऊन उलटीपालटी केली. “हे बसायला हाय?”

“बसायला आणि टेकायला. दोन्ही.”

“आणि तू ह्याच्यावर बसून रोज कामाला जाणार?”

“हो, तात्या.”

तात्यांनी चौकटीचं वितीनं माप घेतलं. मग म्हणाले, “करतो.”

आठ दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. बांबूची वरची हिरवी साल तेवढी घ्यायची, आतला गर टाकायचा, असं त्यांचं चाललं होतं. कण्याखाली वीण सैल, कमरेपाशी घट्ट, खांद्यापाशी पुन्हा सैल. दोनदा मला बसवून बघितलं आणि दोन्ही वेळा उसवलं. शेवटच्या दिवशी कडेनं एक वेणी घालायला घेतली, लाल रंगवलेली एक कामटी आणि दोन साध्या.

“ही कशाला, तात्या? नुसती बांधली तरी चालेल.”

“गप बस. मयताच्या सामानाला काठ नसतोय. काठ घालायचा तो लग्नाच्या दुरडीला. ही मी लग्नाची करतोय.”

मी बसलो. काय सांगू! सहा महिन्यांत पहिल्यांदा माझी कमर गप्प झाली. कुणीतरी हातावर तोलून धरावं तसं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तात्यांनी ते बघितलं.

“तात्या, काय देऊ सांगा.”

“काय नको. एक कर. पहिली फेरी माझ्या दुकानावरनं मार.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “पस्तीस वर्षं झाली, अंता. माझ्या दुकानात माणूस येतंय ते रडतच. सुपं आता प्लास्टिकची झाली, दुरडी कुणी घेत न्हाई. ऱ्हायलं ते हे कळक. एकदा कुणीतरी माझ्या हातचं काम घेऊन हसत गेलेलं पेठेनं बघू दे. चार ऑर्डरी आल्या, तर हे कळक दारातनं काढतो बघ. मागं टाकतो न्हाईतर इकून टाकतो.”

“ही काय मोठी गोष्ट? रविवारी सकाळी नऊला,” मी म्हणालो.

रविवारी सकाळी सायकल दारात आणली, तर आई उंबऱ्यात आडवी उभी. तिच्या कानावर गेलं होतं सीट कुठली ते.

“त्याच्या हातची बैठक, त्यात पाय फुडं, आणि वर त्याच्याच दुकानावरनं जाणार? माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. मी मरायच्या आधी मला असलं दाखवू नकोस.”

“आई, मी त्यांना शब्द दिलाय.”

“मग माझ्या मढ्यावरनं जा.”

मी मागच्या बोळातनं गेलो. पंचमुखी मारुतीच्या बाजूनं, वळसा घालून. तो बोळ ओलांडताना मला पेठेचं टोक दिसलं. तात्यांनी दुकानासमोर पाणी शिंपडलं होतं. धुतलेली टोपी घालून ते पायरीवर उभे होते, हातात नारळ. मी मान फिरवली आणि मोटर वाढवली.

संध्याकाळी तोंड वेंगाडत गेलो. काय सांगणार? आईचं नाव सांगितलं.

“बरोबर हाय,” तात्या म्हणाले. “आईचा शब्द मोडू नये.” नारळ तसाच कोनाड्यात ठेवलेला होता. “सायकल कशी चालली?”

“झकास चालली तात्या.”

“मग झालं.”

कारखान्यात पहिल्या दिवशी गेटवर गर्दी जमली. वॉचमनसुद्धा टोपी काढून डोकं खाजवत बघत राहिला. असेंब्लीतला दिलीप शिंत्रे म्हणजे आमच्या कारखान्याचा अधिकृत टवाळ. त्यानं दोन मिनिटं सायकलभोवती फेरी मारली, आणि मग काय सुचलं, आपला जेवणाचा डबा काढला, हातात लोंबता धरला आणि माझ्या सायकलीपुढं मान खाली घालून चालायला लागला. प्रेतयात्रेपुढं विस्तवाचं शिंकाळं धरतात तसं.

“बाजूला व्हा रे! रस्ता द्या! मगदूम चाललेत!”

सगळं गेट हसून हसून लोळलं. मीही हसलो. न हसून करतो काय! पण कान तापले होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. महिनाभरात ते इतकं अंगवळणी पडलं की शिंत्रे रजेवर असला तर दुसरं कुणीतरी डबा धरायचं. “मगदूम, आज विसावा कुठं?” असं विचारायचं, तिरडी वाटेत टेकवतात तो विसावा. कमर सुधारली होती, मी वेळेवर पोचत होतो, मॅनेजरसाहेब खूश होते. आणि मी रोज सकाळी गेट जवळ आलं की मनातल्या मनात एकच जप करायचो, ही सीट कुणी केली ते ह्यांना कळायला नको. तिरडीच्या दुकानातली सीट आहे म्हटल्यावर शिंत्रेनं मला जन्मभर सोडलं नसतं.

“सीट कुठनं घेतली?” कुणी विचारलं तर मी म्हणायचो, “आणली एका ओळखीच्याकडनं.”

तात्यांकडं जाऊन बसणं मात्र चालू होतं. मला तिथं बरं वाटायचं. ते सीटवर हात फिरवायचे, कुठं कामटी सुटलीय का बघायचे. तोंडानं काही मागत नव्हते. त्यांनी मागितलं असतं तर बरं झालं असतं. मलाच राहवेना, म्हणून एक दिवस मी म्हणालो, “तात्या, पुढच्या महिन्यात आमच्या कारखान्याचा वर्धापनदिन आहे. कामगारांनी स्वतः केलेल्या वस्तू मांडायच्यात. माझी सायकल पहिल्या टेबलाशी आहे. तुम्ही या. सगळ्यांसमोर सांगतो, ही सीट धोंडीतात्यांनी केली.”

“खरं म्हणतोस?”

“आईशपथ.”

“मी येऊन काय करू? मला काय बोलायला येतंय?”

“तुम्ही नुसते उभे राहा. बोलायचं ते मी बोलतो.”

त्या वेळी माझ्या मनात खोट नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण त्याचा काय उपयोग?

वर्धापनदिनाला मांडव घातला होता. बायकापोरं आली होती, भजी तळणं चालू होतं, मॅनेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन टेबलाटेबलावरनं फिरत होते. पाहुण्या होत्या इनामदार मॅडम. मिरजेला त्यांची संस्था होती, पायानं अधू असलेल्या मुलांना तीनचाकी सायकली द्यायची. त्या स्वतः कुबड्यांवर चालत. माझ्या सायकलीशी आल्या, आणि मोटर नाही, बॅटरी नाही, काही नाही, थेट सीटवर हात ठेवला. अंगठ्यानं दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

“ह्यातनं वारा खेळतो,” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम. घाम येत नाही.”

“आमच्या मुलांना रेक्झिनच्या सीटवर बसून जखमा होतात. काही जणांना तर पाठीला संवेदनाच नाही, जखम झालेली कळतही नाही. मी दोन वर्षं असलं काहीतरी शोधतेय.” त्यांनी काठावरच्या वेणीवरनं बोट फिरवलं. “किती सुंदर केलंय हे! कुणी विणली? मला अशा चाळीस हव्यात. आत्ता चाळीस, पुढं आणखी.”

चाळीस! मी मान वर केली. आणि मांडवाच्या खांबाशी तात्या दिसले. पांढरं स्वच्छ धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, तीच धुतलेली टोपी. हातात लाल काठाची एक छोटी दुरडी होती, दाखवायला आणलेली. त्यांनी चाळीस ऐकलं होतं. त्यांचा सगळा चेहरा उजळला होता. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं.

माझ्या उजव्या हाताला शिंत्रे उभा होता, भज्याची प्लेट घेऊन. मागं असेंब्लीची सगळी टोळी. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मला शिंत्रेच्या हातात डबा दिसला, प्लेट दिसली नाही.

“केरळहून मागवली,” मी म्हणालो.

केरळच का तोंडात आलं कुणास ठाऊक. आमच्या ड्रॉईंग सेक्शनच्या भिंतीवर त्या वर्षी केरळच्या होड्यांचं कॅलेंडर होतं, त्यामुळं असेल.

“केरळहून?” मॅडमचा चेहरा जरा पडला. “लांब आहे हो. पत्ता द्याल मला?”

“शोधून देतो.”

“बघा, म्हणूनच एवढं फिनिशिंग आहे,” शिंत्रे तोंडात भजं घालत म्हणाला. “आपल्याकडं असलं काम व्हायचं नाही.”

एवढ्यात मॅडमचं लक्ष तात्यांकडं गेलं. ते एक पाऊल पुढं टाकून तिथंच थांबले होते. “आणि हे आजोबा?”

“आमच्या पेठेतले आहेत,” मी म्हणालो. “बघायला आलेत.”

“काय हो आजोबा, तुमच्या सांगलीत असं विणणारं कुणी नाही का?”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. माझी कमर तपासताना बघायचे ना, कुठं दुखतंय ते शोधत, तसं. त्या एवढ्या वेळात मी तोंड उघडू शकलो असतो. एकच वाक्य होतं. ते घोटून पाठ केलेलं होतं. मी बूट बघत उभा राहिलो.

“न्हाई बाई,” तात्या म्हणाले. “असलं काम हिकडं कोण करतंय. हे केरळचंच हाय.”

“तुमच्या हातात काय आहे?”

“काय न्हाई. जाताना बाजार करायचाय.” दुरडी पाठीमागं गेली होती.

मॅडम पुढच्या टेबलाकडं गेल्या. मी वर बघितलं तेव्हा तात्या मांडवात नव्हते. मी गेटपर्यंत धावत गेलो नाही. तेही केलं नाही. शिंत्रेनं प्लेट पुढं केली, मी एक भजं घेतलं आणि खाल्लं. ते भजं मला अजून आठवतं. कांद्याचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग सुधारायला काय झालं होतं? तेच तर. इनामदार मॅडमचं आठ दिवसांत पत्र आलं. केरळचा पत्ता कळवावा, मुलं वाट बघताहेत. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याच कागदावर तात्यांचं नाव लिहून पाठवायला काय लागत होतं? पण मग खोटं बोललो हे कळवावं लागलं असतं, मॅनेजरसाहेबांना कळलं असतं, शिंत्रेला कळलं असतं. महिन्यानं दुसरं पत्र आलं. त्यालाही मी उत्तर दिलं नाही. पुढं कुणाकडनं तरी कळलं, त्यांनी फायबरच्या सीट घेतल्या.

तात्यांच्या दुकानाकडं जाणं मी सोडलं. रोज त्यांच्याच विणीवर पाठ टेकून कामाला जायचो आणि परत मागच्या बोळातनं घरी यायचो. आई म्हणायची, “शपथ पाळतोस, गुणाचा हायस.” मी सायकल परसात लावायला जायचो.

सीट केल्यापासनं आठ महिन्यांनी, दिवाळी झाल्यावर, बॅटरीच्या पेटीला घासून घासून सीटच्या कमरेपाशी एक कामटी तुटली. मग तिच्या शेजारची. मी नायलॉनची पट्टी गुंडाळली, दोन दिवसांत कमर धरली. रेक्झिन लावून बघितलं. मिरजेच्या एका वेतवाल्याला दाखवलं, तो म्हणाला, “हे कुणी विणलंय त्यालाच जमेल, मी हात लावला तर सगळं उसवेल.” डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, आता कमर गेली तर ऑपरेशन.

शेवटी एका गुरुवारी दुपारी मी सायकल हातानं ढकलत तात्यांच्या दुकानाकडं निघालो. चालताना मनात वाक्यं जुळवत होतो. तात्या, माझं चुकलं. तात्या, मी नालायक माणूस आहे. जोडं मारा, पण एवढं करा. त्या वाक्यांतसुद्धा सीट होतीच, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुकानाच्या पायरीवर एक माणूस रुमालानं डोळे पुसत बसला होता. तात्या खाली बसून कामट्या तोडत होते. दारातले कळक तिथंच होते, उलट दोन-चार वाढले होते. मी पलीकडं थांबलो. त्यांनी सामान बांधून दिलं, त्या माणसाच्या पाठीवरनं हात फिरवला, काहीतरी धीराचं बोलले. तो कळक खांद्यावर घेऊन गेला. मग तात्यांनी मला बघितलं.

“या,” म्हणाले.

जन्मल्यापासून ते मला अरे-तुरे करायचे. मी सगळी जुळवलेली वाक्यं विसरलो.

“तात्या… ही तुटली.”

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन उठावं लागलं त्यांना. सायकलीशी आले, खाली वाकले आणि तुटलेल्या जागेवर अंगठा ठेवला. तो अंगठा आपसूक बरोबर त्याच जागी गेला. मग काठाची लाल वेणी चाचपून बघितली. वेणीला आठ महिन्यांत काही झालं नव्हतं.

“ह्या जागंवर दुखत असंल.”

“हो.”

“डाव्या पायात उतरतंय?”

“हो, तात्या. फार.”

“उतरणारच.” त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला. मला वाटलं, आता म्हणतील, ठेव तिथं. त्यांच्या तोंडावर तसंच होतं. माझी खात्री आहे, क्षणभर तरी तसंच होतं.

“केरळला पाठवा, सायेब,” ते म्हणाले.

“तात्या…”

“न्हाई, खरंच सांगतो. दुसऱ्यानं हात लावला तर इस्कटंल. ज्येनं केलीया त्येलाच कळंल.” आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी त्याला धरून काहीतरी बोललो असतो, पाया पडलो असतो. “आमचं काय, आमचं काम हे,” म्हणाले आणि दारातल्या कळकांकडं हात केला. “हेच जमतंय आमास्नी.”

“तात्या, मी त्या दिवशी…”

“सायेब, गिऱ्हाईक हाय.”

मी वळून बघितलं. पायरीखाली एक पोरगा आणि त्याचा काका उभे होते. काका विचारत होता, सामान मिळंल का. तात्या आत गेले आणि कळक निवडायला लागले.

मी पेठेच्या मधनं निघालो. मागच्या बोळात सायकल वळवायचंसुद्धा सुचलं नाही. सगळी पेठ बघत होती. तात्यांनी मागितली होती ती फेरी अशी झाली, आठ महिन्यांनी, हातात धरून, पायी. दुकान दिसेनासं होईपर्यंत मी दोनदा मागं बघितलं. तात्या लांबीला कळक मापत होते. त्यांनी मान वर केली नाही.